काढलेली पॉवर: साध्या स्टिअरिंगकडे परत जाणाऱ्या गाड्या आणि कुर्ल्याचा कारखाना

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारीचे पॉवर स्टिअरिंग गळू लागते. नवा पंप आणि नवा रॅक यांचा खर्च ऐकल्यावर लक्षात येते की, दुरुस्तीची किंमत गाडीच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करू लागली आहे. अशा वेळी मालकाच्या तोंडी एक प्रश्न येतो: हे सगळे काढून टाकून साधे स्टिअरिंग बसवता येणार नाही का? त्याला जोडून दुसरे वाक्यही येतेच. पूर्वीच्या गाड्यांना कुठे होते पॉवर स्टिअरिंग? तरी धावत होत्याच ना!

हे दुसरे वाक्य म्हणजे वस्तुतः एक ऐतिहासिक युक्तिवाद आहे, आणि म्हणून तो इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. त्यासाठी मुंबईच्या पूर्व उपनगरांइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्यात एकाच परिसराने मोटारींची दोन युगे पाहिली. तेथून साध्या स्टिअरिंगच्या हजारो पद्मिनी बाहेर पडल्या, आणि पुढे तेथूनच एकच मोटार पॉवर स्टिअरिंगसह आणि त्याविना अशा दोन रूपांत विकली गेली. या दोन युगांमधला फरक समजला, तर जुन्या गाडीची पॉवर काढणे म्हणजे नेमके काय काढणे, हेही समजते.

आरंभ वालचंद हिराचंद यांच्यापासून करावा लागतो. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाचे नाव जहाजे, विमाने आणि साखर यांच्या संदर्भात नेहमी घेतले जाते; मोटार त्यामानाने मागे पडते. १९३० च्या दशकात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हिंदुस्थानात मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली. वालचंद तिच्या पाठीशी उभे राहिले आणि मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळानेही अनुकूलता दाखवली. वसाहतवादी सरकारने मात्र या उद्योगाला युद्धकालीन गरजेचा दर्जा दिला नाही. वालचंदांनी तोवर अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सूत जमवले होते. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्यातून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या क्रायस्लर घराण्यातील गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. त्या वेळी कुर्ले मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे. अंधेरी, कुर्ले, घाटकोपर हा पट्टा १९५० मध्ये बृहन्मुंबईत आला. बोरिवली आणि मुलुंड त्यानंतर, १९५७ मध्ये. भारतीय मोटार उद्योगाचा एक आरंभबिंदू अशा रीतीने मुंबईत नव्हे, मुंबईच्या उंबरठ्याबाहेर उमटला.

आता काही काळ अमेरिकेकडे वळू. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा एक अभियंता पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या मालमोटारींच्या विभागात काम करीत असे. अवजड मालमोटारीचे स्टिअरिंग फिरवताना चालकाची काय अवस्था होते, हे त्याने जवळून पाहिले होते. नोकरी सोडून मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे त्याने तेलाच्या दाबावर चालणारी साहाय्यक यंत्रणा तयार केली. १९२६ मध्ये ती बसवलेली पिअर्स-अ‍ॅरो मोटार तो डेट्रॉइटच्या कारखानदारांना दाखवू लागला. जनरल मोटर्सने काही वर्षे त्याच्याबरोबर काम केले आणि मंदीच्या काळात खर्च परवडत नाही म्हणून हात आखडता घेतला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती लष्करी वाहनांवर या यंत्रणेचा वापर झाला. नागरी मोटारीत ती विक्रीस आली ती १९५१ मध्ये, आणि ती आणणारी कंपनी होती क्रायस्लर. ‘इम्पीरियल’ या महागड्या गाडीवर तिने ‘हायड्रागाइड’ या नावाने पॉवर स्टिअरिंग देऊ केले. डेव्हिसच्या मूळ पेटंटांची मुदत तोवर संपलेली होती.

१९५१ हे वर्ष कुर्ल्याच्या दृष्टीने विलक्षण आहे. ज्या कंपनीचे सुटे भाग कुर्ल्यात जुळवले जात होते, त्याच कंपनीने जगातील पहिले बाजारी पॉवर स्टिअरिंग आणले. त्याच सुमारास प्रीमियरने मात्र आपल्या मोटारींसाठी दुसरा भागीदार जोडला. तो होता इटलीतील तुरीनची फियाट कंपनी. अमेरिकेत मोटार अधिकाधिक लांब, रुंद आणि जड होत चालली होती. तिला वळवण्यासाठी बाहेरच्या बळाची गरज भासणे क्रमप्राप्त होते. युद्धोत्तर युरोपात इंधन आणि पोलाद दोन्ही महाग असल्याने मोटार लहान व हलकी बनत होती, आणि तिला वळवायला माणसाचे दोन हात पुरेसे होते. कुर्ल्याने यातली दुसरी वाट धरली. १९५४ पासून फियाट ११०० तेथे तयार होऊ लागली. वालचंद ते पाहायला उरले नव्हते. १९५३ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

या निवडीमागे केवळ आवड नव्हती. १९४९ मध्ये पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. त्यानंतर टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशीनुसार, ज्यांच्याकडे हळूहळू देशातच भाग बनवण्याची योजना नाही अशा जुळवणी कारखान्यांना गाशा गुंडाळावा लागला. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये बाहेर पडली, फोर्डही गेली. याचा एक परिणाम असा झाला की, मुंबईच्या रस्त्यांवर असलेल्या अमेरिकी गाड्या एका रात्रीत अनाथ झाल्या. गाडी होती, तिची कंपनी मात्र हाकेच्या अंतरावर नव्हती.

भारतातील पॉवर स्टिअरिंग काढण्याच्या इतिहासाचा पहिला अध्याय या अनाथ गाड्यांजवळ सापडतो. आयात बंद झाल्यानंतरही परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत भारतीयांना विकल्या जात. चित्रपटांतून परिचित झालेल्या इंपालासारख्या लांबलचक गाड्यांपैकी काही या वाटेने आल्या. त्यांची इंजिने आठ सिलिंडरची, पेट्रोलची भूक अफाट. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही भूक भागवणे मोठमोठ्या मालकांनाही जड गेले. मग अशा अनेक गाड्यांची मूळ इंजिने उतरवून त्या जागी मालमोटारींची किंवा टेम्पोची डिझेल इंजिने बसवली गेली.

इंजिन बदलले की पॉवर स्टिअरिंगचे काय होते, याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. तेलाचा पंप इंजिनावरच बांधलेला असतो आणि इंजिनाच्या पुलीवरील पट्ट्याने फिरतो. त्याचे ब्रॅकेट, पट्ट्याची लांबी, पुलीचा व्यास, सगळे त्या एका इंजिनाशी जुळवलेले असते. परक्या डिझेल इंजिनावर तो पंप चढवायचा तर ब्रॅकेट नव्याने घडवावे लागते आणि पुल्या एका रेषेत आणाव्या लागतात. इतके करूनही पंपाचे सील फाटले, तर बदली सील कोठून आणायचे हा प्रश्न उरतोच. पंप बाजूला ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होता. जवळजवळ दोन टनांची गाडी आणि तिला वळवणारा एकटा माणूस, असा हा सामना. त्या काळातील मोटारींच्या आठवणींत चालकाच्या दंडांचा उल्लेख फारसा सापडत नाही. मालक मागच्या आसनावर बसत असे, हे त्याचे कारण असावे.

याउलट कुर्ल्याची फियाट. १९६४ मध्ये तिचे ‘११०० डी’ हे रूप आले, १९७० च्या दशकात तिला प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती फारशी न बदलता बनत राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, वजन सुमारे ९०० किलो, चौदा इंची रिमवर अगदी अरुंद टायर. पुढची चाके गाडीला फक्त वळवत. ओढण्याचे काम मागच्या चाकांकडे होते. स्टिअरिंगचे चाक मोठे आणि पातळ कड्याचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावरच. या प्रत्येक गोष्टीचा हातावर येणाऱ्या बळाशी संबंध आहे. टायर अरुंद म्हणजे उभ्या गाडीत तो जमिनीवर घासून वळवताना विरोध कमी. चाक मोठे म्हणजे तरफेचा दांडा लांब. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधील दात्यांचे प्रमाण असे ठेवलेले की चालकाला चाक पुष्कळ फिरवावे लागे, पण प्रत्येक फेऱ्याला बळ थोडे लागे. विहिरीवरच्या रहाटाला हात लावलेल्या कोणालाही हा हिशेब कळेल. बळ वाचवायचे तर अंतर वाढवावे लागते.

म्हणून पद्मिनीचे स्टिअरिंग ‘हलके’ होते, ही आठवण पूर्णपणे खरी नाही. ते संथ होते. टॅक्सीवाल्याचे दोन्ही हात वळणावर भराभर एकमेकांवरून जाताना दिसत, ते त्यामुळेच. कुर्ल्याच्या त्या गाडीत साधे स्टिअरिंग म्हणजे पॉवर स्टिअरिंगची उणीव नव्हती. वजन, टायर, चाकाचा व्यास, बॉक्समधले प्रमाण आणि पुढच्या चाकांचा कल अशा पाच-सहा निर्णयांनी मिळून बनलेली ती एक संपूर्ण रचना होती. मालकाच्या त्या युक्तिवादातील गफलत इथेच आहे. पूर्वीच्या गाड्या पॉवरशिवाय चालत होत्या हे खरे. परंतु त्या पॉवरशिवाय चालण्यासाठीच घडवलेल्या होत्या.

उपनगरांतील इतर वाहनांचीही हीच कथा, फक्त बळाचे आकडे वाढत जातात. पश्चिमेकडे कांदिवलीच्या महिंद्रा कारखान्यातील जीप लष्करी विलिज जीपच्या वंशातली. तिचे स्टिअरिंग साधेच होते, आणि खडबडीत वाटेवर चाकाला बसलेला हिसका चालकाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून अंगठा कड्याच्या आत अडकवू नये, हा जीप शिकवणाऱ्यांचा पहिला धडा. मालमोटारींचे हाल याहून अधिक. जुन्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, आणि मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा तासन् तास मुंगीच्या पावलांनी सरकत. २०१७ मध्ये जकात संपली तेव्हाच ते दृश्य संपले. स्टिअरिंगला सर्वाधिक बळ धावत्या गाडीत लागत नाही. ते लागते उभ्या किंवा रांगणाऱ्या गाडीत. चाक गडगडत असताना टायर सहज वळतो. थांबलेल्या टायरला मात्र जमिनीवर रगडून वळवावे लागते. महामार्गावर दिवसभर ट्रक हाकणारा चालक नाक्यावरच्या दोन तासांनी अधिक थकत असेल, तर त्यामागचे पदार्थविज्ञान हे असे आहे.

बसगाड्यांच्या बाबतीत लंडनशी तुलना बोलकी ठरते. तेथील प्रसिद्ध रूटमास्टर ही दुमजली बस १९५६ मध्ये रस्त्यावर आली तेव्हाच तिच्यात पॉवर स्टिअरिंग अंगभूत होते. शहरातल्या चालकाला दिवसभरात शेकडो वळणे घ्यावी लागतात, हा विचार तिच्या आराखड्यातच होता. भारतात बस आणि ट्रक यांच्यात पॉवर स्टिअरिंग सार्वत्रिक होण्यास त्यानंतर कित्येक दशके जावी लागली. चालकाचे श्रम हा खर्च म्हणून कोणत्याही हिशेबवहीत मांडला जात नव्हता, हे त्याचे एक कारण. मुंबईत दुमजली बस १९३७ पासून होती. तिच्या जुन्या डिझेल पिढीतील शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेला आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर धावली. फुलांनी सजवलेल्या त्या बसची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. स्टिअरिंगवर वर्षानुवर्षे रोज हात ठेवणाऱ्यांच्या खांद्यांची कथा अजून कोणी नीट लिहून काढलेली नाही. मोटारींच्या इतिहासात परवाने, भागीदाऱ्या आणि इंजिने यांना मोठी जागा मिळते. स्टिअरिंगला ती मिळाली नाही, ही उणीव खटकणारी आहे.

१९९० च्या दशकात दारे उघडली आणि चित्र पालटले. नव्या मोटारींची इंजिने आडवी बसवलेली, पुढचीच चाके गाडी ओढणारी आणि पुढचीच वळवणारी. त्यामुळे वजनाचा मोठा वाटा पुढच्या टायरांवर आला. टायर रुंद झाले. जुन्या पेटीसारख्या स्टिअरिंग बॉक्सच्या जागी रॅक आणि पिनियन आले, म्हणजे आडवी दातेरी पट्टी व तिला सरकवणारे छोटे दंतचक्र. ही रचना सुटसुटीत आणि अचूक असते, परंतु हाताला ती अधिक बळ मागते.

फियाट त्या दशकात कुर्ल्यात स्वतःच्या हक्काने परतली. तेथे प्रथम उनो आणि मग सिएना निघाली, आणि २००१ मध्ये आली पालिओ. सचिन तेंडुलकरच्या जाहिरातींमुळे ती पिढीच्या लक्षात राहिली. या लेखाच्या दृष्टीने मात्र तिच्या किंमतपत्रिकेतील दोन अक्षरे अधिक मोलाची आहेत. १.२ लिटर इंजिनाची पालिओ ‘ईएल’ या नावाने मिळे आणि ‘ईएल पीएस’ या नावानेही. पीएस म्हणजे पॉवर स्टिअरिंग. एकाच कारखान्यातली एकच गाडी, बाकी सारे जवळजवळ तेच, आणि ग्राहकाला निवड: थोडे पैसे द्या, नाहीतर थोडे दंड वापरा. पुढे फियाटने आपले उत्पादन पुण्याजवळच्या रांजणगावला नेले. पालिओ बंद झाली, आणि अर्ध्या शतकापूर्वी अमेरिकी गाड्यांवर जी वेळ आली होती ती कुर्ल्याच्या या लेकीवरही आली. गाडी रस्त्यावर, पण तिचे भाग बाजारातून एकेक करून दिसेनासे होऊ लागले.

उपनगरांत पॉवर स्टिअरिंग का मरते, याला स्थानिक हवामानाचेही कारण आहे. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात. ते वयाने तडकतात आणि पावसाळ्यात साचलेले पाणी आत शिरते. आतल्या गुळगुळीत दांड्यावर गंजाचे ठिपके उमटतात. तो खरखरीत दांडा प्रत्येक वळणावर तेलाच्या सीलमधून सरकतो आणि सील कापत जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला; कुर्ले-कालिना पट्ट्यात गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. तशा पुराची गरज नसते. दरवर्षी गुडघाभर पाण्यातून चार वेळा गेलेल्या गाडीचा रॅकही याच वाटेने जातो. एक दिवस गाडीखाली लालसर तेलाचे थारोळे दिसते, पंप कोरडा पडून घोरू लागतो, आणि मालक कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरील सुट्या भागांच्या बाजाराची वाट धरतो.

पॉवर काढण्याच्या तीन पद्धती आहेत. त्यांपैकी पहिली म्हणजे पंपाचा पट्टा काढून टाकणे. पाच मिनिटांचे काम, खर्च शून्य. हीच सर्वांत वाईट. रॅकच्या आत एक दट्ट्या असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेल. पंप चालू असताना तेल दट्ट्याला ढकलते. पंप थांबला की भूमिका उलटतात आणि चालकाच्या हातांना ते तेल नळ्यांतून इकडून तिकडे ढकलावे लागते. शिवाय पिनियनजवळ एक बारीक पीळदार सळई असते. चालक चाक फिरवतो तेव्हा ती किंचित पिळली जाते, त्या पिळाने झडप उघडते आणि तेलाला कोणत्या बाजूला जायचे ते कळते. पॉवर नसताना ही सळई नुसतीच पिळत राहते, त्यामुळे स्टिअरिंगच्या मधोमध एक ढिली, निर्जीव जागा जाणवते. मदत करणारी यंत्रणा जागेवर राहून ओझे बनते, तिचा हा प्रकार.

दुसरी पद्धत तेल काढून रॅकच्या तोंडांना एकमेकांशी नळीने जोडण्याची. कोणी ती तोंडे बूच मारून बंदच केली, तर आत अडकलेले तेल किंवा हवा चाकाला अडवते, आणि हे धोक्याचे आहे. नळी जोडल्याने ते टळते. काटेकोर मिस्त्री याच्याही पुढे जातात. रॅक उघडून दट्ट्यावरचे सील काढतात, आतील भागांना ग्रीस लावतात आणि ती पीळदार सळई पिळू नये म्हणून झडपेचे दोन भाग एकमेकांशी जखडतात. शर्यतीच्या गाड्यांसाठी परदेशात हौशी लोक हेच करतात. जखडण्याचे काम वेल्डिंगने होत असेल तर मात्र विचार करावा; स्टिअरिंगच्या सांध्यातील वेल्डिंग तुटण्याचा अर्थ गाडी कोठे जाईल हे कोणालाच सांगता न येणे, असा होतो.

तिसरी पद्धत म्हणजे त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीचा संपूर्ण रॅक बसवणे. पालिओसारख्या गाडीत ती शक्य होते, कारण कारखान्याने दोन्ही आवृत्त्या बनवल्या होत्या. भंगारातल्या एखाद्या ‘ईएल’चा धड रॅक मिळाला, त्याच्या टाय रॉडची टोके आणि खांबाचा जोड जुळला, तर तो बसवून अलाइनमेंट करता येते. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर इथे मालक गाडीला अस्तित्वात नसलेल्या भूतकाळात नेत नाही. तिच्याच सख्ख्या बहिणीच्या भूतकाळात नेतो. ज्या गाडीची साधी आवृत्ती कधी निघालीच नाही, तिची पॉवर काढणे हे साहस आहे, आणि ते न केलेलेच बरे.

पहिल्या दोन पद्धतींत हात का भरून येतात, त्याचे गणित लहान आहे. पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाचे साधारण तीन फेरे होत असतील आणि साध्या आवृत्तीत चार, तर पॉवरचा रॅक पॉवरविना फिरवताना त्याच टायरला वळवायला एकतृतीयांश अधिक बळ लागते. त्यात सोळा इंची चाकाऐवजी चौदा इंची चाक असेल तर आणखी सुमारे चौदा टक्के. दोन्ही मिळून दीडपट, आणि तेलाचा विरोध यात अजून धरलेलाच नाही. पुढच्या चाकांचा मागे झुकणारा कल पॉवरच्या गाड्यांत बहुधा जास्त ठेवतात, कारण त्याने गाडी सरळ रेषेत स्थिर राहते आणि वाढलेला भार तेल पेलते. तेल गेल्यावर तो भारही खांद्यावर येतो. दुरुस्तीचा खर्च वाचला असे मालकाला वाटते; तो खिशातून उठून दंडांत जाऊन बसलेला असतो. मालक स्वतः चालवणारा धडधाकट तरुण असेल तर हा व्यवहार त्याचा त्याने ठरवावा. गाडी साठीतल्या वडिलांच्या हाती जाणार असेल किंवा पगारी चालकाच्या, तर निर्णय एकाचा आणि श्रम दुसऱ्याचे, ही इंपालाच्या काळातली जुनी वाटणी पुन्हा अवतरते.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. म्हणूनही त्याच मॉडेलचा कारखान्यातील साधा रॅक आणि गॅरेजमध्ये कापून-जोडून तयार केलेला रॅक यांत फरक करणे शहाणपणाचे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम खास स्टिअरिंगविषयी आहे. चाक हलवले तरी पुढची चाके हलत नाहीत अशी ढिली जागा ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात, आणि जोडाचे बोल्ट व पिना नीट अडकवलेल्या असाव्यात, असे तो सांगतो. पीळदार सळई मोकळी सोडलेला पॉवरविना रॅक या अंशांतले काही अंश आधीच खाऊन बसलेला असतो.

पद्मिनीचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. मुंबईतील टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा ठरलेली. या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ अखेरीस ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. ऑक्टोबर २०२३ अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. अंधेरीतील शेवटच्या डिझेल दुमजली बसनंतर दीड महिनाही उलटला नव्हता. ती टॅक्सी अखेरपर्यंत साध्या स्टिअरिंगची होती, आणि तिच्यातून काढण्यासारखी पॉवर कधी नव्हतीच.

कुर्ल्यात आता कारखाना नाही. विद्याविहारकडे जाणारा प्रीमियर रोड नावापुरता उरला आहे. तेथून निघालेल्या पालिओंपैकी ज्या अजून धावतात, त्यांची पंधरा वर्षांची पहिली नोंदणी केव्हाच संपली आहे. दर पाच वर्षांनी त्यांना तपासणीसाठी परिवहन कार्यालयाच्या आवारात उभे राहावे लागते. तेथे स्टिअरिंगही तपासले जाते, आणि चाक डावी-उजवीकडे हलवताना पुढचे टायर किती अंशांनंतर हलतात, हे तेथे मोजले जाते.